मांजर, माशी आणि मलेरियाचा नसलेला ताप

तुमच्या ओळखीचं एक तरी मांजर असं असेलच. हॉस्टेलच्या मेसमागचं, एसटी स्टँडवरच्या टपरीखालचं, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपने रस्त्यावरून उचलून शेल्टरमध्ये आणून ठेवलेलं. दोन दिवस काही खात नाही. कोपऱ्यात बसून राहतं, अंगाला हात लावला तर तापलेलं. तिसऱ्या दिवशी उठतं, दुधासाठी पायात घोटाळतं, आणि तुम्ही ग्रुपवर ‘आता एकदम ठीक आहे’ असा मेसेज टाकून मोकळे होता. आठवडा-पंधरवडा जातो. परत तोच कोपरा, परत तोच ताप.

अशा वेळी आपण काय करतो? डॉक्टर अँटिबायोटिक देतात, जंताचं औषध देतात, गरज पडली तर सलाईन लावतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण तुम्ही चंद्रपूर किंवा गडचिरोलीत राहत असाल, आणि शेल्टरच्या पलीकडे ढोरांचा गोठा आणि त्याच्याही पलीकडे जंगल असेल, तर एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा. या मांजराचं रक्त काचेवर घेऊन कुणी पाहिलं का?

हा प्रश्न मला सुचला तो मांजरांमुळे नाही. तो सुचला चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यामुळे. त्याची गोष्ट जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली, आणि तुम्ही-आम्ही ती ऐकलेलीसुद्धा नाही. निदान माझ्या वर्गात तरी कुणी ऐकली नव्हती.

साल 2004. गावाचं नाव शोधनिबंधांत सिवनी असं आहे. मध्य प्रदेशातलं नव्हे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. तिथल्या एका शेतकऱ्याला पाच महिने ताप येत होता. सतत नाही, यायचा, जायचा, परत यायचा. आपल्या भागात असा ताप म्हटला की कुणाच्याही तोंडून पहिला शब्द निघतो तो मलेरिया. पण या माणसाच्या रक्तात मलेरियाचे जंतू नव्हते. तांबड्या पेशींच्या मधल्या जागेत तिथे भलतंच काही होतं. लांबट, वळवळणारं, एका बाजूला शेपटासारखा धागा आणि अंगाच्या कडेला लाटेसारखी हलणारी झालर. आणि एखाद-दुसरं नाही, मोठ्या संख्येने.

बीएस्सीला झूलॉजी असणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. ट्रिपॅनोसोमा. आफ्रिकेतल्या ‘स्लीपिंग सिकनेस’चा जंतू याच घराण्यातला. पण तो आजार पसरवणारी त्से-त्से माशी भारतात नाहीच. मग हा इथे कुठून आला?

तपासण्या झाल्या, परदेशातल्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. हा जनावरांचा परजीवी आहे. घोडे, उंट, म्हशी, गायी, कुत्री यांना त्याच्यामुळे जो आजार होतो त्याला ‘सर्रा’ म्हणतात. माणसाला तो होत नाही अशीच तोपर्यंतची समजूत होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. पी. पी. जोशी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हा रुग्ण ‘अमेरिकन जर्नल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजिन’मध्ये मांडला. माणसात हा परजीवी सिद्ध झाल्याची ती पहिली नोंद. मेंदूपर्यंत तो पोचला नाही ना, हे पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून पाहिलं गेलं. पोचला नव्हता. मग आफ्रिकेतल्या आजारासाठी वापरतात ते सुरामिन नावाचं जुनं औषध देण्यात आलं आणि माणूस बरा झाला.

आता माशीकडे येऊ. कारण या गोष्टीतलं खरं पात्र तीच आहे.

पावसाळ्यात गावाकडे गेला असाल तर ती तुम्ही पाहिली आहे. घरमाशीपेक्षा बरीच मोठी, डोळे चकाकणारे, बैलाच्या पाठीवर बसली की बैल शेपटीचा फटकारा मारतो. कुणी तिला गोमाशी म्हणतं, कुणी घोडमाशी. ती डासासारखी नाजूक सुई टोचत नाही. कातडी अक्षरशः चिरते आणि वर आलेलं रक्त चाटते. ते दुखतं, म्हणूनच जनावर तिला हाकलतं. अर्धवट जेवलेली माशी उडते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तिच्या तोंडाला लागलेलं ओलं रक्त नव्या जखमेत जातं. झालं काम.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, त्याला तिथे काही दिवस मुक्काम करावा लागतो. सर्राच्या परजीवीला माशीत वाढताच येत नाही. तो फक्त तिच्या तोंडावर बसून या अंगावरून त्या अंगावर जातो, तोही रक्त ओलं असेपर्यंत, म्हणजे मोजक्या मिनिटांत. त्यामुळे त्याला एकच विशिष्ट माशी लागत नाही. गोठ्यात कुजलेल्या चाऱ्यात आणि शेणात वाढणारी लहान चावरी माशीसुद्धा चालते. आणि, हे लक्षात ठेवा, इंजेक्शनची सुईसुद्धा चालते. एकच सुई चार जनावरांना वापरली तर ती माणसाने बनवलेली घोडमाशीच.

घोडमाशीला वाढायला चिखल लागतो. तळ्याच्या, ओढ्याच्या कडेची ओली माती. झाडीपट्टीत त्याची कमतरता कधी होती? जुने मालगुजारी तलाव, शेताशेतातल्या बोड्या, रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल झालेली धानाची बांधी. त्यात चरायला जंगलात जाणारी ढोरं. आणि त्याच जंगलात वाघ, बिबट्या, रानमांजर.

या परजीवीच्या नावातला ‘इव्हान्स’ म्हणजे ग्रिफिथ इव्हान्स, ब्रिटिश सैन्यातला पशुवैद्य. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, लष्कराचे घोडे आणि उंट झिजून झिजून मरत होते. त्यांचं रक्त त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि हे वळवळणारे जीव पाहिले. सस्तन प्राण्यांना आजारी पाडणारा ट्रिपॅनोसोमा पहिल्यांदा सापडला तो असा, आपल्याच उपखंडात, आणि ‘सर्रा’ हा शब्दही इथलाच; सडलेलं, कुजलेलं असा त्याचा अर्थ सांगतात.

पण मग ताप येतो-जातो का? शेल्टरवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. गावात बहुरूपी येतो तो आज पोलीस, उद्या साधू, परवा आणखी कुणी. सर्राचा परजीवी तसाच. त्याच्या अंगावर प्रथिनांचा एक कोट असतो. शरीराची प्रतिकारशक्ती तो कोट ओळखते आणि परजीवींना मारायला घेते, ताप उतरतो. पण मरणाऱ्यांमध्ये काहींनी तोवर कोट बदललेला असतो. ते वाढतात, ताप परत चढतो. अशा लाटा चालू राहतात आणि प्रत्येक लाटेत तांबड्या पेशी कमी होत जातात. हिरड्या फिक्या पडतात, वजन उतरतं, डोळे सुजतात, डोळ्यांतून पाणी येतं. बैल किंवा म्हैस असेल तर कधी कधी गोल गोल फिरते, भिंतीला डोकं लावून उभी राहते. म्हणजे ताप उतरला याचा अर्थ आजार गेला असा नाही, आणि ताप नसलेल्या दिवशी रक्त पाहिलं तर काच साफ दिसू शकते. अशी साफ काच पाहून निश्चिंत होणं हीच या आजारातली सगळ्यात सोपी फसगत.

मग सिवनीच्या त्या एकाच शेतकऱ्याला का झालं? त्याच तळ्यावर, त्याच गोठ्यात वावरणाऱ्या बाकीच्यांना का नाही?

याचं उत्तर 2006 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत भारी भाग आहे. आपल्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-वन नावाचं एक प्रथिन असतं. सर्राचा परजीवी रक्तात आला की हे प्रथिन त्याच्या आत शिरतं, आतल्या पडद्याला भोकं पाडतं आणि तो फुगून मरतो. तुम्ही-आम्ही गोठ्यात घोडमाशीचा चावा खाऊनही धडधाकट राहतो त्यामागे हे आहे. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींमध्ये बिघाड होता. त्याच्या रक्तात हे प्रथिनच तयार होत नव्हतं. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात बाहेरून ते प्रथिन घातलं, तर परजीवी मरायला लागले. म्हणजे चंद्रपूरच्या एका माणसाच्या तापातून सगळ्या मानवजातीची एक ढाल सिद्ध झाली.

त्यानंतर डॉक्टर परत गावात गेले. 1,806 जणांची तपासणी झाली. पहिल्या चाचणीत 410 जणांच्या रक्तात या परजीवीविरुद्धच्या प्रतिकाराच्या खुणा दिसल्या, म्हणजे शंभरात जवळपास 23. अधिक काटेकोर चाचणीत ती संख्या 81 वर आली. त्यांच्यातल्या ठळक खुणा असलेल्या 60 जणांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं, तर एकाच्याही रक्तात जिवंत परजीवी नव्हता. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाहीये. उलट बघा: माशी माणसांना चावत होती, परजीवी आत येत होता, आणि ढाल काम करत होती. गावाला कळलंही नव्हतं.

ढाल अभेद्य आहे असं मात्र समजू नका. 2015 मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच संसर्ग झाला. तिचं प्रथिन व्यवस्थित होतं. कच्चं मांस हाताळताना हाताला झालेल्या जखमेतून तो शिरला असावा असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. चंद्रपूरच्या रुग्णाबाबतही जनावराच्या रक्ताशी आलेल्या संपर्काचीच शक्यता मांडली गेली होती.

आणि मांजराकडे ही ढाल नाही. वाघाकडेही नाही.

वाघाचं ऐका. जुलै 2000 मध्ये भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात अवघ्या काही दिवसांत डझनभर वाघ दगावले. त्यांत पांढरे वाघही होते. कारण सांगितलं गेलं ते ट्रिपॅनोसोमाचा संसर्ग. देशभर गदारोळ झाला, उपचारांवरून वाद झाले, चौकश्या झाल्या. पिंजऱ्यातला वाघ माशीपासून पळून जाऊ शकत नाही, हा त्यातला साधा मुद्दा. जंगलातला वाघ एका जागी बांधलेला नसतो, पण त्याच्यासाठी दुसरी वाट उघडी असते: तोंडाची. आजारी जनावर मारून ताजं रक्त-मांस खाल्लं, तोंडात बारीकशी जरी जखम असली, तरी परजीवी आत जातो. ताडोबाच्या आजूबाजूला, ब्रह्मपुरीकडे, सिंदेवाहीकडे वाघाने गोऱ्हा मारल्याची बातमी तुम्ही दर आठवड्याला वाचता. ती बातमी नुकसानभरपाईची असते, माणूस-वाघ संघर्षाची असते. त्या गोऱ्ह्याच्या रक्तात काय होतं, हा प्रश्न त्या बातमीत नसतो. असायला हवा असं मला वाटतं.

आता पिंजऱ्यातल्या मोठ्या मांजरांचा आणि तुमच्या शेल्टरमधल्या छोट्या मांजराचा फरक आकारापुरताच आहे. चंद्रपूरला वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिथे जखमी आणि पकडलेले वाघ-बिबटे ठेवतात. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आमटेंनी अनाथ वन्यप्राण्यांसाठी उभारलेलं घर आहे. बिबटे तिथे वाढलेत, आणि त्याच आवारात माणसांचा दवाखाना आहे. माणसाचं आजारपण आणि जनावराचं आजारपण एका अंगणात बघण्याची ती पद्धत मला फार आवडते. कारण माशीला दोन खाती माहीत नसतात. आरोग्य विभाग, पशुसंवर्धन विभाग, वन विभाग या आपण काढलेल्या रेघा आहेत. सर्रा हत्तींनाही होतो, आणि गडचिरोलीत कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे, शिवाय 2021 पासून छत्तीसगडमधून आलेले रानहत्ती आहेत. परजीवीच्या दृष्टीने हे सगळं एकच ताट.

आता काचेचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

गडचिरोलीतल्या मुलांना हे सांगायची गरज नाही: ताप आला की आशाताई बोटाला टोचते. राज्यातल्या मलेरियात हा जिल्हा कायम वरच्या रांगेत असल्याने ही यंत्रणा दुर्गम पाड्यांपर्यंत पोचली आहे, आणि तिने जीव वाचवले आहेत. आता किट आलं आहे. रक्ताचा थेंब टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते किंवा दिसत नाही. भामरागडच्या पावसात, रस्ता बंद असताना, किटला पर्याय नाही. पण किट एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: मलेरिया आहे का? ‘नाही’ म्हटलं की ते गप्प. काच गप्प बसत नाही. काचेवर मलेरिया शोधणाऱ्याला हत्तीरोगाची सूक्ष्म कृमी दिसू शकते, ट्रिपॅनोसोमा दिसू शकतो, न शोधलेलंही दिसतं. चंद्रपूरचा तो शेतकरी किटच्या रांगेत उभा राहिला असता तर ‘निगेटिव्ह’ असं लिहून घरी गेला असता, आणि आपल्या रक्तातली ती ढाल समजायला जगाला आणखी किती थांबावं लागलं असतं कोण जाणे.

माणसांचं हे, तर मांजराचं विचारूच नका. मांजरासाठी सर्राचं घरगुती किट नाही. त्याच्यासाठी आहे ती काच, आणि ती घ्यायला लावणारे तुम्ही.

म्हणून कामाचं सांगते. मांजर तापलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उतरल्यावर नाही. कानाच्या टोकातून एक थेंब पुरतो. ओलं रक्त लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर पेशींना धक्के देत पळणारा परजीवी दिसू शकतो. वाळवून, गिम्साचा रंग देऊन पाहिलं तर त्याचा आकार नीट ओळखता येतो. एक काच साफ आली आणि ताप परत आला, तर परत काच. खासगी डॉक्टरांकडे सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, आणि पुढे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टरांना शेल्टरचा पत्ताही सांगा: शेजारी गोठा आहे, तलाव आहे, मांजर कच्चं मांस खातं. ते चिडणार नाहीत. उलट ही माहिती त्यांना सहसा कुणी देत नाही.

औषधाचं मात्र स्वतःचं डोकं चालवू नका. ढोरांना सर्रासाठी जी इंजेक्शनं देतात त्यातली काही मांजराच्या अंगाला सोसत नाहीत. डोस थोडा चुकला तरी महागात पडतं. ‘काकांच्या म्हशीचं उरलंय’ हे वाक्य ग्रुपवर दिसलं तर तिथेच थांबवा.

शेल्टरमध्ये खाटकाकडून आणलेले तुकडे कच्चे घालत असाल तर उकळून घाला. उकळल्यावर हा परजीवी उरत नाही. तुकडे करताना हाताला चिरा असतील तर हातमोजे घाला, व्हिएतनामची बाई आठवा. जवळचा कुजका चारा आणि शेणाचे ढीग हलवा, पिंजऱ्यांना बारीक जाळी लावा, निदान पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत तरी. आणि लसीकरण शिबिरात मदतीला गेलात तर सुई प्रत्येक जनावरामागे बदलली जातेय का यावर लक्ष ठेवा. तुम्ही इंटर्न असा, स्वयंसेवक असा, कितीही ज्युनियर असा, हे विचारायला पद लागत नाही.

हेही सांगून टाकते की प्रत्येक तापट मांजराला सर्रा असेलच असं नाही. मांजराच्या तापाची साधी कारणं ढीगभर आहेत: मारामारीतला चावा, पिकलेली जखम, विषाणू. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती पिसवेतून आलेली फीतकृमी. तीही कीटकानेच आणलेली, पण तिचं औषध सोपं आहे, सोबत पिसवा मारल्या की झालं. काच घेतली म्हणजे हे बाकीचंही वेगळं करता येतं, हाच तिचा फायदा.

शेवटी झूलॉजीवाल्यांसाठी. बऱ्याच कॉलेजांच्या प्रयोगशाळेत कपाटात पर्मनंट स्लाइड्सची लाकडी पेटी असते, त्यात अमिबा आणि पॅरामेशियमच्या शेजारी ट्रिपॅनोसोमाचीही एक असते. प्रॅक्टिकलला तिची आकृती काढून, झालरीला बाण करून, दोन मार्क घेऊन आपण ती परत ठेवतो. या वेळी ती बाहेर आली की जरा जास्त वेळ बघा. मग तुमच्या शेल्टरच्या डॉक्टरांना विचारा, पुढच्या वेळी ते काच तपासतील तेव्हा तुम्हाला भिंगातून पाहू देतील का.